डोक्यावर उभ्या टीव्हीचा कौल

पावसाळ्यात मासेमारीला दोन महिने बंदी असते. त्या काळात नाटे बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, घरात बसून बायकोचं ऐकण्यापलीकडे फारसा उद्योग नसतो. दीपेशने नेमकी ही वेळ गाठली आणि आपल्या चुलत्याला, गुणाजी तांडेलांना, परग्रहवासी केलं.

वेबमालिकेचं नाव होतं ‘परग्रहाचा निकाल’. झ्यांग नावाचा परग्रहवासी पृथ्वीवर येतो, माणसांचे चित्रपट बघतो आणि त्यांचं पृथक्करण करतो, एवढीच गोष्ट. झ्यांगचं डोकं म्हणजे थर्माकोलची बर्फपेटी आणि डोळे म्हणजे जाळ्याचे दोन तरंगते बोये. ही पेटी अख्ख्या वाडीत फक्त गुणाजींच्या डोक्याला बसली, त्यामुळे अभिनयाची परीक्षा घ्यावी लागली नाही.

दीपेशने रात्री जागून विनोद लिहिले होते. गुणाजींनी ते कागद वाचले, घडी केली आणि त्यावर बोंबलाची चटणी ठेवून भाकरी खाल्ली. मग कॅमेऱ्यासमोर बसून ते मनचं बोलले. टीव्हीवर नायक-नायिका तळ्याकाठी गाणं म्हणत होते.

“होडी रिकामी हाय, वल्हं जागेवर हाय, वारा पडलाय,” झ्यांगने नोंद केली. “तरी ही दोघं झाडाभोवती फिरतायत. होडी बहुतेक त्यांची नसावी.”

शेवटी झ्यांगने चित्रपटाला पाचपैकी तारे द्यायचे होते. ते मात्र गुणाजींनी साफ नाकारलं.

“कोणाच्या एवढ्या मेहनतीचा निकाल मी माझ्या तोंडाने देणार नाय. कौल लावू.”

देवळात कौल लावतात तो असा: मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. मूर्तीच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. टीव्हीला कौल लावावा काय, हा कौल गुणाजींनी आधी ग्रामदेवीला लावला. तो उजवा मिळाला. मग कोणी काही बोलायचा प्रश्नच राहिला नाही.

तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी झ्यांग टीव्हीच्या पडद्याच्या दोन्ही कडांना जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या लावी आणि विचारी, “हा चित्रपट माणसाने बघावा काय?” आणि दर वेळी डावीच पाकळी पडे. अकरा भाग झाले, अकरा चित्रपट नापास. लोक मात्र बघत होते. अकराव्या भागाला तर पावस गावाहून एका बागायतदाराने निरोप पाठवला की झ्यांगचं म्हणणं त्याला आंब्याच्या कलमांच्या बाबतीतही पटतं.

इकडे दीपेशच्या वडिलांनी, आत्मारामांनी, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाची नोकरी पक्की केली होती. पाळीचं काम, एक ऑगस्टपासून. सेफ्टी बूटसुद्धा घरी येऊन पडले होते.

“मुंबईचे कंपनीवाले तुझी मालिका विकत घेत असतील तर रहा,” ते म्हणाले होते. “नायतर एक तारखेला बसमध्ये बस.”

मुंबईच्या त्या चित्रपट कंपनीतर्फे हेतल नावाची मुलगी बोलत असे. तिने स्वच्छ सांगितलं, “दीपेश, बारावा भाग आमच्या साहेबांच्या चित्रपटावर कर. साहेब स्वतः बघणार आहेत. पुढचं तुला कळतंच.”

दीपेशला कळलं. त्याने टीव्हीला हात लावून पाहिला. टीव्हीची डावी बाजू इस्त्रीसारखी तापत होती, म्हणून त्या बाजूची पाकळी लवकर सुकून आधी पडत होती. उजवी बाजू थंड. दीपेशने रात्रभर विचार केला आणि सकाळी चुलत्याला म्हणाला, “काका, अंतराळात वर-खाली असं काही नसतं. झ्यांगने एक चित्रपट उलटा बघायला हवा.”

गुणाजींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग काही न विचारता दोर आणला आणि टीव्ही वाशाला उलटा टांगला. गाठ अशी मारली की वादळातही सुटू नये.

चित्रपट समुद्रावरचा होता. झ्यांगने दोन तास तो गंभीरपणे पाहिला.

“माणसं छताला चिकटून राहतात. रडली की पाणी वर जातं. बोट पालथी झालीय, पण नायक आईला पत्र लिहितोय. खलाशी शांत आहेत. असे खलाशी मला एक हंगाम मिळाले असते तर!”

मग पाकळ्या लावल्या. वीस मिनिटांनी एक पडली. दीपेशने हिशेब केला होता तीच, तापलेल्या बाजूची. तो ओरडला, “उजवी! काका, उजवा कौल!”

दारात कोळंबी सोलत बसलेली सत्यवतीकाकी, म्हणजे गुणाजींची बायको, मान वर न करता म्हणाली, “उजवी कशी?”

“अगं काकी, या बाजूची पडली ना!”

“मेल्या, टीव्ही डोक्यावर उभा हाय. मी डोक्यावर उभी राहिले तर माझा डावा हात उजवा होतो काय?”

बर्फपेटी सावकाश हलली. “डावाच,” झ्यांग म्हणाला.

“काका, निदान हा तुकडा कापतो.”

“कौल कापायचा नाय.”

दीपेशने भाग होता तसा पाठवला, काकीसकट. नंतर बूट बॅगेत भरले.

चार दिवस मुंबईहून आवाज नाही. एकतीस जुलैला दुपारी हेतलचा फोन आला. तिचा आवाज विचित्र होता.

“साहेबांनी भाग चारदा बघितला. म्हणाले, चित्रपट उलटाच पटतो. आता त्यांना कौलाला विचारायचंय, त्या चित्रपटाचा दुसरा भाग काढावा का? तासाभराने व्हिडिओ कॉलवर येतायत. चांगला कौल मिळाला तर मालिका घेतो म्हणाले.”

गुणाजींनी उठून टीव्ही चालू केला.

“तापू दे,” ते म्हणाले.

“काका! तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी हात लावून बघितला होता.”

“मग अकरा वेळा गप्प का बसलात?”

“चित्रपट वाईट होते.”

तासाभराने फोनच्या पडद्यावर साहेब हात जोडून बसलेले दिसले. झ्यांगने पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात विचारलं, “साहेबांनी दुसरा भाग काढायचं रद्द करावं काय?”

“होय म्हाराजा,” सत्यवतीकाकी देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सवयीने म्हणाली.

डावी पाकळी अकराव्या मिनिटाला पडली. म्हणजे रद्द करू नये. साहेबांनी डोळे पुसले. उलट्या टीव्हीसमोर बसून त्यांच्याकडे बघताना दीपेशला ते पाणी आता वर जाणार असं वाटलं.

“काका, हे चालतं?” फोन ठेवल्यावर त्याने हळूच विचारलं.

“देवीला असं विचारत नायत,” गुणाजी पेटी काढत म्हणाले. “टीव्हीला चालतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, बंदी उठताच, गुणाजी बोट घेऊन समुद्रावर गेले. ठरलं असं की तीन दिवस मासे, चौथा दिवस झ्यांगचा. लोट्याची बस वेळेवर आली आणि एक जागा रिकामी ठेवून गेली. आत्मारामांनी दीपेशची बॅग उघडली. मग त्यांनी बूट काढून वहिनीच्या दारात नेऊन ठेवले. सत्यवतीकाकी हल्ली ते घालूनच मासळी विकायला जाते. तिला बरोबर बसतात.