समारोपात तात्यासाहेब सहमत होते

आणीबाणीच्या वर्षी, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर, आमच्या ह्यांनी शाळेच्या पटांगणात भाषण केलं. हे, म्हणजे अनंतराव, तिथं नागरिकशास्त्र शिकवायचे. मी बायकांत बसून सगळं ऐकलं. ते म्हणाले, निजामाच्या एका फर्मानावर माणूस उचलला जायचा, विचारणारं कोणी नसायचं. आपल्या राष्ट्रपतींना तसं मनाला येईल ते करता येत नाही, मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो, आणि म्हणूनच हे राज्य आपलं आहे.

वर, सरकारदरबारी पोचलं ते एवढंच: राष्ट्रपतींना काही करता येत नाही, असं एक मास्तर म्हणतो. कुणी पोचवलं ते मला ठाऊक आहे. आमच्याच ओसरीवर चहा प्यायचा मेला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही.

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब, बिडकीनकडचे मोठे जमीनदार. त्यांनी ह्यांना वर्गावर जायची मनाई केली. शनिवारी कार्यकारिणीत काढून टाकायचा ठराव होणार होता. हे म्हणाले, बोलावतील, विचारतील, तेव्हा पूर्ण सांगेन. कुणी बोलावलं नाही. तेव्हा शनिवारी मीच गेले आणि न विचारता आत शिरले.

तात्यासाहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी जा. मास्तर लई बोलले. माझा नाइलाज हाय."

काय बोलले, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. येणार कसं? भाषण चालू असताना ते खुर्चीत डुलक्या घेत होते, सगळ्या पटांगणानं पाहिलं होतं. मग दरवर्षीप्रमाणे अध्यक्षीय समारोपाला उठले होते.

"उठल्यावर तुम्ही काय म्हणालात ते मी सांगते," मी म्हणाले. "आधीच्या वक्त्यांच्या शब्दाशब्दाशी मी सहमत आहे, असं म्हणालात. दरवर्षी म्हणता. मग ह्यांच्यासोबत तुमचाही ठराव घ्या. टाळ्या वाजवणारे हे सगळेही आलेच त्यात."

सरकीचे व्यापारी बद्रीनाथ सही करायला वाकले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अध्यक्ष मी हाय," तात्यासाहेब गरजले.

"व्हय की," बद्रीनाथ म्हणाले, "पण ठराव एकट्याच्या सहीनं होत नाय."

बाकीच्यांनीही सही केली नाही. आपलंही नाव वर जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही. मास्तर पुढं काय म्हणाले होते, हे त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

बदली मात्र अध्यक्षांच्या एकट्याच्या हातात होती. दोन दिवसांत वैजापूरच्या शाखेचा हुकूम आला. नोकरी तर राहिली, असं हे म्हणाले.

सामानासाठी तात्यासाहेबांनी स्वतःची जीप पाठवली. मी ती दारातूनच रिकामी परत धाडली आणि आमच्या ट्रंका, वळकट्या एसटीच्या टपावर चढवल्या.