गिरणीतली जागा

माझी बायको दबोरा वारल्यावर माझ्याकडे बायका यायच्या बंद झाल्या.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, हजेरीच्या कामावर होतो. रिटायर झाल्यावर शिरूरला घरातच कामगारांची पीएफची आणि पेन्शनची कामं करून द्यायला लागलो. बायका जास्त यायच्या. कुणाचं आधारवर नाव चुकलेलं, कुणाचा ठेकेदार पळालेला, कुणाचा नवरा वारलेला. दबोरा व्हरांड्यात मेथी निवडत बसायची. आलेल्या बाईपुढंही एक जुडी सरकवायची. निवडता निवडता बाई तिला सगळं सांगायची, आणि दबोरा आत येऊन मला कामापुरतं सांगायची. बाकीचं तिनं मला कधीच सांगितलं नाही.

तिच्यामागं पुरुष येत राहिले, बायका नाहीत. आधी वाटलं, दुखवटा म्हणून येत नसतील. ईस्टर झाला, पावसाळा गेला, तरी नाहीत. हे काम आमचं दोघांचं होतं. तिची बागही मला सांभाळता आली नाही. हे तरी चालू राहावं, एवढंच वाटायचं.

मुलगी जस्मिन पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं.

"पप्पा, ऑफिस घ्या. एकट्या पुरुषाच्या घरात बाई कशी येईल?"

तिचं बरोबर होतं. मी जागा बघायला लागलो. कोरेगाव भीमाला हायवेवर एक गाळा बघितला. ट्रकच्या आवाजात माझंच बोलणं मला ऐकू येईना. शिरूरला एसटी डेपोजवळ एक होता, पण तिथं दिवसभर टोळकी उभी. मग कारेगावला पहिल्या मजल्यावर केबिन मिळाली. कामगार बायका तिथंच खोल्या घेऊन राहतात, कंपनीची बस तिथंच सोडते. खाली पिठाची गिरणी होती. जागेचा मालक रविराज म्हणाला, "काका, गिरणीचा त्रास व्हईल बरं का." मी वर जाऊन दार लावून बघितलं. खाली गिरणी चालू असूनही बोलण्यापुरतं शांत होतं. घेऊन टाकली.

बायका बोलता बोलता रडतात. ते कुणाला दिसू नये म्हणून काचेला काळी फिल्म लावून घेतली. दबोराला हे आवडलं असतं, असं मला वाटलं.

बोर्ड लावला. पुरुष आले. एक जण म्हणाला, "काका, पार एचआरच्या केबिनवानी केलंय की!" बाई एकही आली नाही.

एका दुपारी खालून हाक आली. "ओ मामा!"

जिन्याच्या पायथ्याशी एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती. नकुशी नाव. पॅकिंगच्या कंपनीत कामाला. तिचा नवरा सतीश उन्हाळ्यात वारला होता. त्याची पेन्शन तिला लागायची होती, आणि पीएफ ऑफिसातून कागद परत आले होते.

"वर या, बसून बघू."

"न्हाई मामा, हितंच बगा की."

"वर पंखा आहे, खुर्ची आहे."

"ऱ्हाऊ द्या पंखा."

कागद एका मोटारसायकलच्या सीटवर पसरले. एक उडाला, ती त्याच्यामागं धावली. मी विचारलं, "कुणी हरकत घेतलीय का? सासरचं कुणी?" रस्त्यानं चाललेले दोघे थांबले आणि ऐकायला लागले. तिनं कागद गोळा केले. "येते पुन्यांदा," म्हणाली आणि गेली.

गिरणी साखरबाई चालवते. ती दारात उभी राहून बघत होती.

"सायेब, ती काय पुन्यांदा यायची न्हाई."

"का? मी काय केलं?"

"तुमी कशाला काय करताय? पन एकल्या बाईनं जिना चढायचा, वर दार बंद, काच काळी. खाली सगळं कारेगाव बगतंय. ती उतारल्यावर तिला कुनी काय इचारायचं न्हाई. मनातच ठरवत्यात."

"काच त्यांच्यासाठीच काळी केलीय. रडताना दिसू नये म्हणून."

"आवो, रडलेली दिसली तर लोक हळहळत्यात. दिसली न्हाई तर बोलत्यात!"

मला आमचा व्हरांडा आठवला. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दबोरा आणि ती बाई दिसायच्या. मेथीवर वाकून काय बोलतात, ते मात्र कुणाला ऐकू जायचं नाही.

"हितं बसा," साखरबाई म्हणाली. "पोती सरकवते मी. बाया दळान घिऊन येत्यातच. दळान व्हईस्तवर बसली एखादी, तर कोन काय म्हननार?"

"या आवाजात?"

तिनं गिरणी चालू केली आणि तिथूनच काहीतरी बोलली. मला नुसते ओठ हललेले दिसले. मी अगदी जवळ गेलो.

"मगाशी तुमाला आलं का काय ऐकू?" ती म्हणाली. "मग रस्त्यावरच्याला काय येतंय?"

रविराज हसला. "काका, केबिन सोडून पिठात बसनार?" पण टेबल खाली आणायला त्यानंच हात लावला. शिरूरहून मी दबोराची व्हरांड्यातली खुर्ची आणली. घरी त्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नव्हतो. येणाऱ्या पुरुषांना स्टूल द्यायचो.

साखरबाईनं निरोप दिला, तशी नकुशी गव्हाचा डबा घेऊन आली. डबा साखरबाईकडे देऊन खुर्चीपाशी थांबली. गिरणी चालू होती.

"कुनाची हाय?" खुर्चीवर हात ठेवून तिनं मोठ्यानं विचारलं. बहुतेक साखरबाईची असेल, असं तिला वाटलं असावं.

"दबोराची," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही.

"आँ?"

"दबोराची! माझ्या बायकोची! बसा तुम्ही!"

दफन करून आल्यापासून ते नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं. नकुशी माझ्याकडे बघत राहिली. मग बसली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून पुढं वाकली.

"सासूनं हापिसात लिहून दिलंय, मामा. मी ह्यांना सोडून गेल्ते म्हनून."

"तुम्ही गेला होतात?"

"म्हायेरी. बाळंतपनाला." तिनं डोळ्याला पदर लावला. "बाळ न्हाई ऱ्हायलं. मंग लवकर परत जाववलं न्हाई."

रस्त्यावरून माणसं जात होती. तिला रडताना बघत होती आणि पुढं जात होती. थांबलं कुणी नाही.

माहेरी बाळंतपणाला गेली होती, एवढंच दबोरानं मला आत येऊन सांगितलं असतं. कामाला तेवढं पुरे होतं. मी कोऱ्या कागदावरचं पीठ झटकलं आणि तेवढंच लिहायला घेतलं.