देवघरातला मोडेम

"रत्ना, ह्यो नंबर बंद पडू देऊ नको. लई जणांचं काम हाय त्याच्यावर."

दवाखान्यात नाकावरची नळी बाजूला सारून रत्नम्माचे यजमान गुरप्पा एवढंच बोलले होते. त्याला सोळा महिने झाले. रत्नम्मानं एकही महिना चुकवला नव्हता. पहिल्या सोमवारी इष्टलिंगाची पूजा आटोपली, की पाण्याचा घोट घेण्याआधी ती त्या नंबराचा रिचार्ज करायची. नंबराचं सिम ज्याच्या पोटात होतं, तो कंप्युटरला लावायचा बोटभर लांबीचा मोडेम देवघरात गुरप्पांच्या फोटोपुढं ठेवलेला असे. त्याला रोज विभूती लागे, फूल चढे.

आज मात्र तो सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या धनलक्ष्मीच्या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर पडला होता. धनलक्ष्मीनं त्याचं टोपण काढलं आणि आत डोकावून पाहिलं.

"अक्का, ह्याच्या तोंडात इबूत भरलीय की!"

रत्नम्मा ओशाळली. तिनं पदराचं टोक पुढं केलं, पण धनलक्ष्मीनं जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि हलक्या हातानं साफ करायला लागली.

दाराजवळच्या बाकावर बजाबाई बसली होती. सत्तरीची, केम गावाहून सकाळच्या गाडीनं आलेली. गाडीतल्या कुणा पोरीनं तिला हात धरून उतरवलं होतं, आणि पत्ता विचारत विचारत तिनं रत्नम्माचं दार गाठलं होतं. गुरप्पा हयात असताना लोकांचे फॉर्म भरून देत, ते याच मोडेमवर. ज्या म्हाताऱ्यांकडं फोन नसे, त्यांच्या अर्जातल्या मोबाईलच्या चौकटीत ते बेधडक या मोडेमचा नंबर टाकत. मेसेज आला की गावाकडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देत. बजाबाईचं डोळ्याच्या ऑपरेशनचं कार्डही त्यांनी असंच काढलं होतं. आता दवाखान्यानं तिला सांगितलं होतं, की गुरुवारची तारीख हवी तर आज संध्याकाळच्या आत त्या नंबरावर येणारा कोड सांगा.

"सिम काढून माज्या फोनात घालू की," म्हणत धनलक्ष्मीनं मोडेम उलटा केला आणि थबकली. सिमची खाच सैल झाली म्हणून गुरप्पांनी ती एम-सीलनं लिंपून टाकली होती.

"आण्णांनी पार गिलावा केलाय की हो! हे फोडायला गेलं तर सिमबी जाईल. आन् त्यांच्या नावावरचं नवं सिम म्हणलं तर कागदंच पंधरा दिवस."

मग तिनं मोडेम आपल्या नव्या कंप्युटरला लावला. पडद्यावर गोल चकतीचं चित्र आलं.

"बघा, नवा म्हणतोय ही सीडी हाय."

"सीडी कशी गं? मोडेम आहे तो."

"ह्याच्या पोटात ह्याचंच सॉफ्टवेअर ठेवलेलं असतंय अक्का. जुना कंप्युटर ते घ्यायचा आणि मग ह्याला मोडेम म्हणून वळखायचा. नवा तितंच अडून बसलाय."

सॉफ्टवेअर चालवलं, तर हे या सिस्टिमसाठी नाही म्हणून कंप्युटरनं परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच.

"आमच्या केमच्या तलाठ्यावानी करतंय गं हे," बजाबाई बाकावरून म्हणाली. धनलक्ष्मी खळखळून हसली. रत्नम्माला हसू आलं नाही. ती ओठांतल्या ओठांत जप करत होती.

"बाई," बजाबाईनं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं, "पुसाच्या म्हैन्यात येक तारीख लागली व्हती म्हनं माजी. दवाखान्यातली पोर म्हनली, मेसेज धाडला, तुमी आला न्हाई, नाव कापलं. आता आण्णाच न्हाईत, तर सांगनार कोन?" आणि सहज बोलावं तसं ती पुढं म्हणाली, "तवा डाव्यानं जरा दिसत व्हतं."

रत्नम्माचा जप थांबला.

धनलक्ष्मीचं लक्ष पडद्यावर होतं. "थांबा. नसलेली सीडीच भाईर काढ म्हणून सांगते ह्याला." तिनं कळ दाबली. चकतीचं चित्र गेलं, कंप्युटरनं टिंग केलं. मग तिनं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमसारखं चालव म्हणून हुकूम सोडला, आणि या खेपेला खिडकी उघडली. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"नेट न्हाई मिळायचं ह्याला आता. पर मेसेज येतंय."

मेसेजांची यादी उघडली. सगळ्यात वरचा, म्हणजे शेवटचा मेसेज गुरप्पा दवाखान्यात गेले त्या दिवशीचा होता.

"नंतरचे येतील ना आता?" रत्नम्मानं विचारलं. "पुसातला?"

"न्हाई अक्का. कंपनीवालं चार-दोन दिस मेसेज ठिवत्यात आन् टाकून देत्यात."

"पण मी रिचार्ज तर दर महिन्याला केला."

"केला हो. पर मोडेम लावला कुटं?"

बोलून गेल्यावर धनलक्ष्मी उगाचच कीबोर्डवरची धूळ झटकायला लागली. रत्नम्मा काचेकडं बघत राहिली. काचेवर ब्रशनं काढलेली विभूती सांडली होती. ती तिनं पुसली नाही.

धनलक्ष्मीनं दवाखान्याच्या साइटवर बजाबाईच्या कार्डाचा नंबर टाकला. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. तिसऱ्या मिनिटाला यादीत नवी ओळ उमटली.

"आला! आला बघा, आजी!"

सहा आकडे टाकले. गुरुवारची तारीख मिळाली. बुधवारी दुपारी भरती व्हायचं, इथंच सोलापुरात.

"सोबत येणाऱ्याचं नाव काय लिवू?"

"लिव की म्हशीचं," बजाबाई म्हणाली. "तीच हाय घरात. लेक सुरतंला हाय, त्यो काय येतोय!"

"माझं लिही," रत्नम्मा म्हणाली. "नंबरही माझाच टाक. माझ्या फोनचा."

बजाबाईनं हात पुढं करून चाचपडला. रत्नम्मानं आपला हात त्यात दिला.

"खरंच येताल व्हय तुमी?"

"बुधवारी सकाळी केमला येते. तुम्ही एकट्या निघू नका. दारातच बसा."

बुधवारी उजाडण्याआधी रत्नम्माची पूजा झाली. मधल्या खोलीतली कॉट तिनं खिडकीपासून दूर, भिंतीशी सरकवली आणि तिच्यावर धुतलेली सतरंजी अंथरली. खिडकीला जाड चादर बांधली, उजेड डोळ्यावर येऊ नये म्हणून. कुलूप लावून किल्ली शेजारच्या सिद्धम्माच्या हातात दिली.

"आज पाणी येणार आहे. माझ्या दोन घागरी भरून ठेव."

"एकटीला दोन कशाला गं अक्का?"

रत्नम्मानं चपला पायांत सरकवल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि स्टेशनच्या वाटेला लागली.