चार बोटं मोकळी जागा

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी आबांनी मला रोजच्यासारखं पुसलं. खांद्यावरच्या रुमालाचं टोक ओलं करून आधी अक्षरांवरून, मग कडांवरून. शेवटी उजवीकडच्या मोकळ्या जागेवरून त्यांचा अंगठा हळूच फिरला. कुणी बघत नाही, असं त्यांना वाटायचं.

मी एक जुनी पाटी आहे, दारावरच्या नावाची. भुसावळात दीपनगरच्या रस्त्याला आधार मेढे यांचं, म्हणजे आबांचं घर आहे, त्याच्या दाराशेजारी माझी जागा. आबा वीज केंद्रात फिटर होते. कॉलनीतल्या क्वार्टरवर जन्मभर नुसता नंबर होता. निवृत्तीनंतर स्वतःचं घर बांधलं, तेव्हा चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून त्यांनी मला घडवलं. नाव लावायची ती त्यांची पहिलीच वेळ.

रंगवायला चुडामण पेंटर आला, मूळचा सोनगीरचा, अहिराणी बोलणारा. वर ‘आधार मेढे’, खाली त्यांच्या मुलीचं नाव, ‘शिल्पा मेढे, बी.एस्सी.’ आणि त्यापुढे आबांनी चार बोटं जागा सोडायला लावली.

“भाऊ, पाटी एक बाजूथीन बोडकी दिखस,” चुडामण कुरकुरला. “इतली जागा मोकळी कसाले?”

“पोरीचं एम.एस्सी. व्हायचंय अजून. तू ब्रश तेवढा वाळू देऊ नको.”

ब्रश वाळला. शिल्पाची आई आजारपणात गेली. शिल्पा पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि बघता बघता तिने तिशी ओलांडली. माझा रंग उन्हाने फिका पडला. येणारे-जाणारे मला वाचून विचारायचे, “पुढचं लिहायचं राहिलं का?” आबा म्हणायचे, “राहिलं नाही, यायचंय.”

यंदा लॅबमध्ये तिला सांगितलं गेलं, वरची जागा हवी तर पुढे शिका. वाटा दोन होत्या. एक औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा. वर्षभराचा, वर्ग भुसावळातच, शनिवार-रविवार. दुसरी एम.एस्सी., पण धुळ्याला. लॅबची तिथे शाखा होती, सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी जमली असती. दोन वर्षं मात्र घर सोडावं लागलं असतं.

“या वयात डिग्री काय लोणच्यात मुरवायची, आबा?” ती म्हणाली. “डिप्लोमा बरा. लगेच कामाला येतो.”

आबा रुमाल खांद्यावर टाकून आत गेले. त्या संध्याकाळी तिची मैत्रीण प्राची आली होती. दोघी पायरीवर, माझ्याखालीच बसल्या.

“एम.एस्सी. सोडवत नाही गं,” शिल्पा म्हणाली. “पण आबांचा दमा बघतेस ना? मी धुळ्याला, आणि इथे त्यांना धाप लागली तर?”

“मग सांग ना त्यांना तसं.”

“सांगितलं तर उद्याच माझी बॅग भरून एस.टी.त बसवतील. तू ओळखत नाहीस त्यांना.”

आत आबा मोठ्या आवाजात बातम्या ऐकत होते. मित्रांनो, माझ्या अंगावर अक्षरं आहेत, पण मला तोंड नाही.

तर त्या रविवारी मला पुसून झाल्यावर आबांनी हाक मारली.

“शिल्पे, डिप्लोमा तर डिप्लोमा. नाव लांबलचक आहे, पण चुडामणला अक्षरं बारीक काढायला सांगतो.”

“डिप्लोमा कुणी पाटीवर लिहितं का, आबा?”

“आपण लिहू. फिटरचं घर आहे हे. बसत नसेल ते घासून बसवू.”

ती हसली. तेही हसले, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. “चहा टाक,” म्हणाले. त्या दिवशी एवढंच घडलं.

सोमवारी दुपारी शेजाऱ्यांनी आबांना खुर्चीत बसवून बाहेर काढलं. घाईत वळवताना खुर्ची मला घासली, तो ओरखडा अजून आहे. ज्या धापेच्या भीतीने शिल्पा धुळ्याला जात नव्हती, ती धाप लागली तेव्हा ती गावातच होती. लॅबमध्ये, फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवून. आबा परत आले ते आडवेच.

पुढे मला कुणी पुसलं नाही. आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं आली, माझ्याखाली चपला सोडून आत गेली. माझ्या कोपऱ्यात कोळ्याने घर केलं.

काही दिवसांनी आबांचे धाकटे भाऊ रुपचंद काका चुडामणला घेऊन आले.

“दादाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिही,” काका म्हणाले.

चुडामणने बोटं लावून पाहिली. “नाना, नावना आगे जागाच नही. खाले मोकळी शे, तठे लिखू का?”

“तिथे नाही,” दारातून शिल्पा म्हणाली. “आणि नाव आहे तसंच राहू द्या, काका.”

“अगं, गेलेल्या माणसाचं नाव असं... लोक काय म्हणतील?”

“लोक आबांना विचारत येतील. मी सांगेन त्यांना.”

चुडामणने रंगाचा डबा बंद केला. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून निघाले.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. लाकडाला अधूनमधून तेलाचा हात दिला की ते टिकतं, माणसाचं तसं नाही. कुणासाठी तुम्ही काही सोडलंत, तर तो समोर आहे तोवर त्याला सांगा. नाहीतर तुम्हाला ते नकोच होतं, असं समजून तो निघून जातो.

ते दोघे गेल्यावर शिल्पा आबांचा रुमाल ओला करून आली. तिने जाळं काढलं, अक्षरं पुसली, कडा पुसल्या. मोकळ्या जागेवर तिचा अंगठा थांबला. गल्लीत कुणी नव्हतं. तरी ती मोठ्याने बोलली, आत कुणी बातम्या ऐकत बसलं असावं तशी.

“आबा, मला डिप्लोमा नको होता. एम.एस्सी.च करायचं होतं. तुम्हाला एकटं ठेवून जायचं नव्हतं, म्हणून नाही म्हटलं.”