आज काय लावलंय, पुनम?

नांदेडहून कंधारला रोज जाणाऱ्या राघवेंद्र सरांच्या गाडीत गप्पा जवळजवळ बंद झाल्या होत्या. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. पण निवडणुकीच्या दिवसांत सोनखेडच्या अलीकडं राघवेंद्र सर आणि मार्तंड सर असे काही भिडले, की पुढं कितीतरी दिवस गाडीत फक्त 'काच खाली घ्या' आणि 'काच वर घ्या' एवढंच बोलणं झालं. तिघंही कंधारच्या एकाच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला. राघवेंद्र सर भौतिकशास्त्र, मार्तंड सर गणित आणि विशाखा जीवशास्त्र. वादानंतर गाडीमालकाचा हक्क बजावत राघवेंद्र सरांनी एक पॉडकास्ट सुरू केला. त्यात एक माणूस यशस्वी कसं व्हायचं ते कळकळीनं ओरडून सांगायचा. विशाखा मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून डोळे मिटायची. पुढं बसलेले मार्तंड सर खिडकीबाहेर तूर बघत बसायचे.

दिवाळीनंतर या गाडीत पुनम आली. ती कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं रुजू झालेली डॉक्टर. उमरीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, बोलणं अगदी घरच्यासारखं, आणि वयानं तिघांपेक्षाही लहान. लातूर फाट्यावर ती चढली, पाय मोकळे केले, थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हे कोन वरडून राहिलंय, सर? याला कुठं दुखून राहिलंय का?"

विशाखाला इअरफोनमधूनही ऐकू आलं आणि हसू आवरेना. राघवेंद्र सरांचा चेहरा आरशात आंबट झाला. "मग तुम्हीच लावा काय लावायचं ते," ते म्हणाले.

त्यांना वाटलं, बाई गप्प बसेल. पुनमनं तिथल्या तिथं आपला फोन गाडीच्या स्पीकरला जोडला.

पहिला प्रयोग पार फसला. पुण्याकडची दोन पोरं एकमेकांची टिंगल करत होती आणि स्वतःच खदाखदा हसत होती. गाडीत कुणी हसलं नाही. पुनमनं मध्येच बंद केलं आणि म्हणाली, "न्हाई जमलं. उद्या दुसरं बघते." तिला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. विशाखाला तिथूनच ती आवडायला लागली. आपण निवडलेलं दुसऱ्याला आवडलं नाही, की माणसं 'थांबा, पुढं छान आहे' म्हणत राहतात. ही तसं काही म्हणाली नाही.

मग हळूहळू तिचा हात बसत गेला. ती घरी भाकरी थापताना आधी सगळं ऐकून यायची. लातूर फाट्यावर सुरू झालेला भाग कंधारच्या वेशीत संपेल असाच निवडायची. परीक्षेच्या दिवसांत पेपर तपासून डोकी पिकलेली असली, की हलकंफुलकं काहीतरी. लोहा ओलांडल्यावर रस्त्याचं काम सुरू होतं, धक्के बसायचे, तिथं नेमका गोष्टीतला पाठलाग यायचा. राघवेंद्र सरांना यंत्रांची आवड आहे हे तिनं दोन-चार दिवसांत ओळखलं आणि त्यांच्यासाठी जुन्या घड्याळांवरचा एक भाग शोधून आणला. सर इतके रंगले की परतीला त्यांनी स्वतःच विचारलं, "आज काय लावलंय, पुनम?"

एकदा एका निवृत्त फौजदाराची तपासकथा होती. गाडी कॉलेजच्या फाटकात येऊन उभी राहिली तरी चोर सापडेना. कुणी उतरेना. शिपाई फाटक उघडून धरून उभा, आत घंटा वाजून गेलेली, आणि तीन प्राध्यापक गाडीत श्वास रोखून बसलेले. चोर सापडला तेव्हा राघवेंद्र सरांनी स्टिअरिंगवर थाप मारली आणि हॉर्न वाजला. विशाखानं आपले इअरफोन केव्हाच घरी ठेवून दिले होते. हे आपल्याला कधी सुचलं नसतं, असं तिला रोज वाटायचं आणि त्यात हेवा जराही नसायचा.

सगळ्यात जास्त रंगली ती एक विनोदी श्राव्यमालिका. एका कुटुंबातली चार माणसं लग्नाच्या वऱ्हाडासोबत चुकीच्या गावात उतरतात आणि तिथल्याच लग्नात अडकतात. चौघं एकदम बोलायचे, मागं बँड वाजायचा, वरून आचारी ओरडायचा. राघवेंद्र सर हसून हसून गाडीचा वेग कमी करायचे. मार्तंड सरही मान हलवत हसायचे.

आणि ऐन रंगात आलेली ती मालिका पुनमनं एका सोमवारी बंद केली.

"अरे, नवरदेव माळ्यावर अडकलाय ना!" राघवेंद्र सर म्हणाले.

"राहू द्या अडकलेला," पुनम म्हणाली. "मी लई भारी दुसरं आणलंय."

दुसरं म्हणजे एक म्हातारा आवाज. मालगाडीवर आयुष्यभर गार्ड म्हणून काम केलेले एक गृहस्थ आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगत होते. ना संगीत, ना दुसरं माणूस. बोलणं संथ, आणि पुनमनं फोनवर त्याचा वेगही आणखी कमी केलेला. विशाखाला जांभई आली. त्यात पुनमनं लोह्याला चहासाठी थांबल्यावर नवंच काढलं. "सर, मला मागं मळमळून राहिलंय. मी पुढं बसू का?" ती मार्तंड सरांना म्हणाली. सर बिचारे लगेच उठले. तिनं त्यांना राघवेंद्र सरांच्या बरोबर मागं, उजव्या खिडकीशी बसवलं आणि स्वतः पुढं जाऊन बसली. आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं. रोजच तसं सुरू झालं.

विशाखाला ते खटकलं. मार्तंड सर निवृत्तीला आलेले, सगळ्यांत ज्येष्ठ. पुढची जागा त्यांची, हे कधी बोलावंसुद्धा लागलं नव्हतं. आठवडाभर तिनं मनात ठेवलं आणि मग एका दुपारी मधल्या सुट्टीत ती सरळ जनावरांच्या दवाखान्यात गेली.

पुनम आवारात एका म्हशीपाशी उभी होती. म्हशीची मालकीण केवळाबाई दोर धरून सांगत होती, कालपासून ही वैरणीला तोंड लावीना. पुनम ऐकत होती, पण तिचा हात म्हशीच्या कुशीवरून सावकाश फिरत होता. एका ठिकाणी म्हशीचं कातडं थरारलं. हात तिथंच थांबला. "इथं हाय," ती म्हणाली. तिनं सुई दिली, औषध समजावून सांगितलं, केवळाबाईला वाटेला लावलं आणि हात धुऊन विशाखाकडं आली.

"ताई, तुम्ही इथं?"

"एक विचारायचंय. सरांची जागा का घेतलीस? आणि ती चांगली चाललेली मालिका का बंद केलीस?"

पुनमनं हात पुसत आजूबाजूला बघितलं. "कुनाला सांगणार न्हाई ना?"

"नाही."

"सरांना ऐकू येत न्हाई, ताई. उजव्या कानानं तर काहीच न्हाई. डाव्यानं थोडं येतं. एक माणूस सावकाश बोलला तर कळतं. चौघं एकदम बोलले की सगळा कालवा."

 "अगं, पण ते तर हसतात आपल्यासोबत!"

"सोबत न्हाई, मागून हसतात. आधी राघवेंद्र सरांचं तोंड बघतात, मग हसतात. मी लई दिवस बघून राहिले होते. पुढं बसले की त्यांचा उजवा कान गाडीकडं यायचा, म्हनून मागं नेलं. आता डावा कान आपल्याकडं येतो."

"मग सरळ सांगायचं ना त्यांना!"

"त्यांनी इतकं जपून ठेवलंय, ते मी कशाला उघडं करू?" पुनम म्हणाली. "जनावर सांगत न्हाई कुठं दुखतं. आपनच बघायचं असतं. माणसाचंही कधीकधी तसंच."

कॉलेजकडं परत जाताना विशाखाला एकेक गोष्ट आठवत गेली. सर स्टाफ मीटिंगमध्ये बोलेनासे झाले होते. मागच्या बाकावरच्या मुली 'सर आमच्या शंकेकडं बघतही नाहीत' म्हणून कुरकुरत होत्या. निवडणुकीचा तो वादसुद्धा... राघवेंद्र सर म्हणाले होते एक आणि मार्तंड सरांनी उत्तर दिलं होतं भलत्यालाच. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून तिला जे दिसलं नव्हतं, ते या मुलीनं दोनेक महिन्यांत मागच्या सीटवरून बघितलं होतं. आणि बघून गाजावाजा केला नव्हता, फक्त पॉडकास्ट बदलला होता. विशाखाचा सगळा राग गळून गेला.

आता तीही मार्तंड सरांकडं बघू लागली. म्हातारे गार्ड सांगत होते, एका आडस्टेशनवर त्यांच्या डब्यात एक सीलबंद खोकं चढवलं गेलं. घ्यायला कुणी येईना. आणि गाडी अंधारात उभी राहिली की त्या खोक्यातून मधूनच एक बारीक सूर निघायचा. मार्तंड सर पुढं झुकून ऐकत होते. कुणाच्याही तोंडाकडं न बघता मध्येच म्हणाले, "भूतबीत काही नाही. आत बाजाची पेटी असणार!"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं असावं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुनम, मला हे सगळं ऐकू येऊन राहिलंय. तुम्ही हे मुद्दाम करता का?"

 नाही म्हण, असं विशाखाला ओरडून सांगावंसं वाटलं.

"हाव, सर," पुनम म्हणाली.

 कंधारला उतरताना सरांनी दार जरा जोरातच लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, मी बसनं येईन. त्यानंतरही ते बसनंच येत राहिले. राघवेंद्र सरांना कारण कळलं तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. "मी त्यांच्याशी भांडत होतो," ते म्हणाले. "आणि त्यांना ऐकूच येत नव्हतं."

पुनमचे डोळे भरले होते. "खोटं बोलायला पाहिजे होतं का मी, ताई?"

 त्या दिवसांत गाडीत कुणी काही लावलं नाही.

एका सकाळी आनंदनगरच्या कोपऱ्यावर मार्तंड सर नेहमीच्या जागी उभे दिसले. सोबत त्यांच्या पत्नी उमाबाई. राघवेंद्र सरांनी गाडी थांबवली तशी उमाबाईंनी खिडकीशी येऊन विचारलं, "ती डॉक्टर मुलगी कोणती?"

"ती लातूर फाट्यावर चढते, वहिनी," विशाखा म्हणाली.

"मग तिला सांगा, मी जेवायला बोलावलंय." आणि उमाबाईंनी तिथंच रस्त्यावर सगळं सांगितलं. सर बसनं जात होते, पण त्या खोक्याचं पुढं काय झालं ते त्यांना कळेना. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी फोनवर ती गोष्ट शोधून लावली. आवाज इतका मोठा की शेजारच्या सरजाबाई 'काय झालं' म्हणून धावत आल्या. उमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, फोन बारीक केला, तर सर म्हणाले, बंद का केलंस? "फोन चालूच होता हो," उमाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, यांचं माझ्याकडं लक्षच नसतं. नुसती धुसफूस करत होते मी." त्या रात्री नवरा-बायको बराच वेळ बोलले, आणि दोन दिवसांनी कानाच्या डॉक्टरकडं गेले.

मार्तंड सरांच्या डाव्या कानामागं छोटंसं यंत्र होतं. ते गाडीत बसले आणि लातूर फाट्यावर पुनम चढली तेव्हा तिच्याकडं वळून म्हणाले, "रागावलो होतो मी तुमच्यावर. नोकरी सोडायचा अर्ज लिहायला घेतला होता. आता नाही लिहिणार." मग थांबून म्हणाले, "खोक्यात बाजाची पेटीच होती. भात्यात उंदीर शिरला होता."

"सर! आम्ही ऐकलं नव्हतं अजून!" राघवेंद्र सर कळवळून म्हणाले, आणि पुनम रडता रडता हसायला लागली.

त्या रविवारी ती उमाबाईंकडं जेवायला गेली. शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊनच परत आली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुनमला प्रशिक्षणासाठी उदगीरला जावं लागलं. जाताना तिनं निवडीचं काम विशाखाकडं सोपवलं. विशाखानं रविवारचा सगळा दिवस त्यात घातला. हे मार्तंड सरांना कळेल का, हे ऐकून राघवेंद्र सर कंटाळतील का, त्यांच्या आईचं नुकतंच ऑपरेशन झालंय तर दवाखान्याची गोष्ट नको. असं करत तिनं सतरा पॉडकास्ट पालथे घातले. पुनम हे रोज करत होती, घरची कामं आणि दवाखाना सांभाळून, आणि तिनं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. शेवटी विशाखानं एका बाईनं सांगितलेली, वाळवंटात हरवलेल्या टपालाची गोष्ट पक्की केली.

सोमवारी गाडीत तिनं ती लावली. सोनखेड मागं पडल्यावर राघवेंद्र सर म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण हे काही रंगून नाही राहिलं."

"मला आवडलं," मार्तंड सर म्हणाले.

"तुम्हाला काय, सर, तुम्हाला आता सगळंच आवडतं!"

"सगळं नाही. तुमचा तो ओरडणारा माणूस मला तेव्हाही आवडत नव्हता, ऐकू येत नव्हता तरी!"

दोघं जे भांडायला लागले ते थेट लोह्यापर्यंत. विशाखानं गोष्ट थांबवून ठेवली आणि पुनमला फोन लावला. "आज हे लावलंय," ती म्हणाली आणि फोन त्या दोघांच्या दिशेनं धरला.