साहेबरावची वाळू

छावणीतल्या दोन खोल्यांच्या घरात कहकशा जे करायची, ते आधी कुणाला कळायचंच नाही. औरंगपुऱ्यातल्या शिंप्यांकडून ती कापडाच्या चिंध्या आणायची. डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, काथ, हिराकस असलं काहीबाही घालून पातेल्यात उकळायची आणि वाळल्या की एकावर एक रचून धावदोऱ्यानं शिवत बसायची. शिवून भिंतीला टांगलं की समोर वाळवंट उभं राहायचं. टेकड्या, त्यांच्या सावल्या, वर तापलेलं आभाळ. बघणारा म्हणायचा, बाई, तुम्ही तिकडं राहून आलात की काय? कहकशा हसून नवऱ्याकडं बोट दाखवायची. "हे राहून आलेत. डोळे यांचे, हात माझे."

ते ऐकलं की मोईन हातातलं काहीतरी खाली ठेवायचा नाहीतर समोरचं काहीतरी उचलायचा.

मोईननं वाळवंट पाहिलंच नव्हतं. सौदीला जाताना एजंटानं ट्रकवरचं काम सांगितलं होतं. तिथं पोचल्यावर त्याला एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईच्या खात्यात उभं केलं. उजाडायच्या आत खाली उतरायचं, अंधार पडल्यावर वर यायचं आणि मधे दिवसभर पांढऱ्या चादरींना इस्त्री. घरी हे कसं सांगणार? सगळ्या मोहल्ल्यानं हार घालून पाठवलेलं. पहिल्याच फोनवर कहकशानं हौसेनं विचारलं, "सुनो जी, तिकडची रेत कशी दिसते?" आणि मोईननं स्वतः पाहिल्यासारखं सांगून टाकलं. कारण त्याच्या खोलीत साहेबराव होता.

साहेबराव आपल्या शेंद्र्याचा. पाण्याचा टँकर घेऊन वाळवंटातल्या छावण्यांपर्यंत जायचा. परक्या मुलुखात पंधरा-वीस किलोमीटरवरचा माणूस भेटला म्हणजे सख्खा भाऊच. संध्याकाळी मोईन वरण-भात टाकायचा आणि साहेबराव भिंतीला टेकून दिवसभर पाहिलेलं सांगत बसायचा.

"सकाळी वाळू बाजरीच्या पिठावाणी असती, मोईनभाई. दुपारी भाजल्या शेंगाच्या टरफलावाणी. अन् वादळ येनार आसलं ना, आभाळ आसं व्हतं बघ, गाय व्याल्यावर पहिल्या दिवशीचा चीक कसा आसतो, पिवळट, दाट, तसं."

दुसऱ्या दिवशी हेच सगळं मोईनच्या तोंडून कहकशाला ऐकू जायचं. आज मी पाहिलं, आज आमच्या गाडीसमोर... एकदा सुरू केलेलं खोटं थांबवायला जागाच सापडेना. तिकडं कहकशा त्याच्या शब्दांवरून कापड रंगवायला लागली होती. फोनवर तिचा आवाज उजळलेला असायचा.

एका गुरुवारी साहेबराव म्हणाला, "उद्या तुला सुट्टी हाय. चल माज्यासंगं. नुसतं आयकून काय कळतंय? एकदा डोळ्यानं बघ." मोईनचे पाय भरून आले होते. तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी." दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, परतीच्या वाटेवर साहेबरावला गाडी चालवतानाच डोळा लागला आणि टँकर रस्ता सोडून उलटला. शेजारच्या सीटवर बोलत राहायला, जागं ठेवायला कुणी नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेंद्र्याला जायचं, त्याच्या आईला भेटायचं, हे मोईननं विमानातच ठरवलं होतं. पण घरी आला तर भिंतीवर साहेबरावचीच वाळू. आईकडं गेलो तर हे सगळं उघडं पडणार. मग ईद होऊ दे, मग पाऊस ओसरू दे, असं करत दोन वर्षं गेली. पंचर काढायच्या दुकानात बसून तो जालना रोडनं शेंद्र्याकडं जाणाऱ्या कामगारांच्या गाड्यांत हवा भरायचा आणि नजर चुकवायचा, जणू त्या गाड्यांनाच सगळं ठाऊक होतं.

यंदाच्या हिवाळ्यात मनस्विनी नावाच्या एका चित्रकार बाईंनी कहकशाच्या कामाचं शहरात प्रदर्शन मांडलं. उद्घाटनाला मोईनलाही बोलायला लावलं. तो नको नको म्हणत उभा राहिला आणि बोलायला लागल्यावर मात्र थांबेना. बाजरीचं पीठ, शेंगांची टरफलं, पहिल्या दिवसाचा चीक. टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो गावोगाव फिरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या दारात एक म्हातारी आली. नऊवारी, पायात रबरी चपला, सोबत शेजारची तरुण पोर, तनुजा. म्हातारी एकेका चित्रासमोर थांबत थांबत मोईनपाशी आली.

"त्ये फोनमंदी बोलनारं तूच का बाबा?"

"हो, मावशी."

"मी कडूबाई. शेंद्र्याची. ही तनुजा मला दाखवित व्हती तुजं बोलनं. मी म्हनलं, पुन्यांदा लाव. पुन्यांदा लाव." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमचा साहेबराव फोनवर मला आसंच सांगायचा. चिकावाणी आभाळ, आई. आमच्या कपिला गाईचा चीक. शब्दाला शब्द. तुला भेटला व्हता का रं त्यो तितं? साहेबराव?"

शेजारी कहकशा उभी होती. मनस्विनीबाई दोन पाहुण्यांना घेऊन इकडंच येत होत्या. मोईनला आपली जीभ हललेली कळलीसुद्धा नाही.

"नाही, मावशी. मी नाही ओळखत."

कडूबाईनं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. "आसंल," ती म्हणाली. "मानसागत मानूस बोलतं." मग पिवळट आभाळाच्या त्या कापडावर तिनं तळवा ठेवला, देवळात उंबऱ्यावर ठेवतात तसा, आणि तनुजाचा हात धरून हळूहळू पायऱ्या उतरून गेली. कहकशा तिच्यामागं पाण्याचा पेला घेऊन धावली. परत आली तेव्हा पेला तसाच भरलेला होता.

"तिनं घेतलं नाही," कहकशा म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सच बोलो. तुम्ही त्याला ओळखत होता ना?"

हॉलच्या मागं, जिथं गाड्या लावतात तिथं, मोईननं तिला सगळं सांगितलं. तळघर, चादरी, साहेबराव, शुक्रवार. सांगताना त्याला वाटत होतं की ती ओरडेल, रडेल. तिनं फक्त आपल्या बोटांकडं पाहिलं. काथानं नखं कायमची तांबूस झालेली.

"म्हणजे इतकी वर्षं मी एका मेलेल्या माणसाचे डोळे शिवत होते," ती म्हणाली, "आणि लोकांना सांगत होते की माझ्या नवऱ्याचे."

"कहकशा..."

"माझ्याशी खोटं बोललात ते मी बघेन नंतर. पण त्या माऊलीला? ती काय मागत होती तुमच्याकडं? लेकाचं नाव घेणारं एक माणूस मागत होती."

ती आत गेली, आणि त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सकाळी उठून तिनं बुरखा चढवला आणि दारात उभं राहून म्हणाली, "गाडी काढा. शेंद्रा."

कारखान्यांच्या भिंती संपतात तिथं, गावाच्या कडेला कडूबाईचं घर. पत्र्याच्या शेडमध्ये म्हैस, दारात वाळत घातलेल्या मिरच्या. मोईनला पाहून कडूबाईला नवल वाटलं नाही. तिनं सतरंजी टाकली. मोईन सतरंजीवर न बसता भुईवरच बसला आणि मान खाली घालून बोलत राहिला. शुक्रवारचं त्यानं शेवटी सांगितलं. "मी बरोबर गेलो असतो तर तो झोपला नसता, मावशी."

 कडूबाईनं विचारलं, "त्या दिशी जेवून गेला व्हता का?"

"हो. मी वरण-भात केला होता. लसणाची चटणी मागून घेतली त्यानं."

"मागून घेतली?"

"दोनदा."

"मंग बरं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज सरळ होता. "लई हावरा व्हता चटनीला." ती उठली, चुलीशी गेली, चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "दोन वर्सं. शेंद्रा काय सौदीत हाय व्हय रं?"

मोईन भुईवर बोटानं रेघा ओढत राहिला.

"अन् काल तोंडावर म्हनलास, मी नाय वळखत. मी रातभर म्हनत व्हते, माजं लेकरू तितं येकलंच मेलं, कुनाच्या वळखीचं बी नव्हतं." तिनं वळून पाहिलं. "त्ये मी इसरनार नाय. तुला बरं वाटावं म्हनून खोटं कशाला बोलू?"

तिनं चहा मात्र दिला. कहकशाला कपात, मोईनलाही कपात. निघताना कहकशानं, येताना हॉलवरून काढून आणलेलं, ते पिवळट आभाळाचं चित्र तिच्यापुढं धरलं. कडूबाईनं मान हलवली. "हितं चुलीचा धूर. काळं पडंल. तितंच राहू दे, लोकं बघत्याल. पर नाव टाक त्याचं."

कहकशानं त्याच दिवशी सगळ्या पाट्या बदलल्या. शिवण: कहकशा. रंग सांगितले: साहेबराव, शेंद्रा. मनस्विनीबाईंनी विचारलं, मग मोईनभाई? कहकशा म्हणाली, "ते इस्त्री करायचे." बाई गोंधळल्या. मोईन तिथंच उभा होता. त्यानं होकारार्थी मान हलवली आणि खुर्च्या उचलायला गेला. मोहल्ल्यातही कळलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, त्यात काय, काम ते काम. मोईनला हसणारे बरे वाटले.

कहकशानं वाळवंट शिवणं थांबवलं. बोलणं हळूहळू सुरू झालं, आधी मिठाचं, भाजीचं, गॅसच्या टाकीचं. पण फोनवर रेतीबद्दल विचारतानाचा तो उजळलेला आवाज मोईनला पुन्हा ऐकू आला नाही आणि तो मागायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटलंही नाही.

तो आता शेंद्र्याला जातो. कडूबाईनं बोलावलं असं नाही, येऊ नको म्हणालेली नाही, एवढंच. म्हशीची वैरण तोडून देतो, पत्रा ठोकून देतो. ती विचारत राहते. थंडीत काय पांघरायचा? हसायचा का? कुणाशी भांडला का? ठाऊक असेल ते मोईन सांगतो. पण त्याच्याकडचा साठा संपत आलाय आणि तिचे प्रश्न संपत नाहीत. कधीकधी नवं काहीतरी रचून द्यावं असं फार वाटतं. त्याला ते सोपं आहे, आणि तिचा चेहरा किती फुलेल.

परवा मिरच्या निवडता निवडता तिनं विचारलं, "जितं गाडी उलटली, तितं वाळू कशी व्हती रं? कंच्या रंगाची?"

बाजरीच्या पिठासारखी, मऊ, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"मला माहीत नाही, मावशी," तो म्हणाला. "मी ती जागा पाहिलीच नाही."

कडूबाईचे हात थांबले. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग अंगणातल्या उन्हाकडं. सुपातल्या मिरच्यांची देठं ती पुन्हा खुडायला लागली आणि थोड्या वेळानं निम्म्या मिरच्या तिनं त्याच्यापुढं सरकवल्या.