वाटणारीचा वाटा

सेलीच्या आईने तोंडावर बांधलेले फडके सोडले, त्याच्या आतल्या बाजूने ड्रोनच्या पोटाखालचे भिंग पुसले आणि ड्रोन फळीवर ठेवला.

“उडवा गुरुजी. सूर्य वर आला की ह्याला काही कळायचं नाही.”

एलीसर गुरुजींनी तो उडवला. वीस हात वर गेला आणि धुरात गडप झाला. सकाळचे पाच वाजले होते. नदी कुठे, गाव कुठे, काही म्हणून दिसत नव्हते. गुरुजींच्या हातातल्या पडद्यावर मात्र खालची जमीन निळी-जांभळी उमटत होती, कारण हा कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. धुरामुळे शाळा पंधरा दिवस बंद होती, मुले नदीपलीकडे नातेवाइकांकडे पाठवली होती, आणि गुरुजी आता पूर्णवेळ गावाच्या आग-पथकात होते. प्रशिक्षणात ड्रोन झाडात न घुसवणारे ते एकटेच निघाले, म्हणून उडवण्याचे काम त्यांच्याकडे.

पथक सात जणांचे, प्रमुख सेलीची आई. तिचे स्वतःचे नाव रुस्मिना. पण थोरले मूल झाले की माणसाचे नाव मागे पडते आणि मुलाच्या नावाने हाक सुरू होते, अशी ह्या नदीकाठची रीतच आहे. रुस्मिना म्हणून हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिले नसते.

कॅमेरा तिनेच निवडलेला. पालांका राया शहरातून ड्रोन देणाऱ्या संस्थेचे लोक दोन कॅमेरे घेऊन आले होते. एकाचे चित्र इतके स्वच्छ की कोंबडीचे पाय मोजून घ्यावेत. गावातले तारुंगचे बाबा तर त्याच्यावर लट्टूच झाले. दुसऱ्याचे चित्र म्हणजे नुसता रंगांचा चिखल, पण कुठल्याही ठिपक्यावर फुली ठेवली की तिथली उष्णता आकड्यात सांगायचा. सेलीच्या आईने स्वच्छ चित्राकडे बोट करून एकच प्रश्न विचारला होता, “ह्यातलं पांढरं म्हणजे किती?” संस्थेचा माणूस म्हणाला, समोर असेल त्यातले जे सर्वांत गरम ते पांढरे. मग तो निखारा असो की कोंबडी. तिने चिखल उचलला. तेव्हापासून तारुंगचे बाबा त्या कॅमेऱ्याला सेलीच्या आईचा मोतीबिंदू म्हणत.

पहिल्या वर्षी त्यांनी तो भर दुपारी उडवला आणि फजिती करून घेतली. उन्हाने तापलेली काळी राख पडद्यावर आगीसारखीच चमकली. दोन दिवस सगळे पाणी त्या राखेवर ओतले. तेव्हापासून उड्डाण पहाटेचे. पहाटे चांगली जमीन चोवीस अंशांवर असते आणि पोटात आग असलेली जमीन आपली आपणच पकडली जाते.

कारण आग इथे वर नसतेच. ही जमीन म्हणजे माती नव्हे, शेकडो वर्षे दलदलीत साचलेला पाचोळा आणि मुळे. एकदा वाळली की तुसाच्या ढिगासारखी आतल्या आत धुमसत जाते आणि कुठे निघेल सांगता येत नाही. टोकदार नळी जमिनीत खुपसून पाणी आत सोडावे लागते. पंप एकच. म्हणजे रोज एकाच जागी पाणी, आणि ती जागा चुकली तर दिवस गेला.

“तारुंगच्या बाबांकडे अठ्ठावन्न,” गुरुजी म्हणाले.

“कालच्यापेक्षा कमी. पुढे.”

“लामियांग आजीची बाग सव्वीस. ठीक आहे. तिच्या पलीकडे पंचवीस.”

दुसरी बॅटरी लावली. मग तिसरी. गावातल्या एकेकाची रबराची बाग पडद्यावरून सरकत गेली.

“तुमच्यावरून एक चक्कर टाकू का?” गुरुजींनी विचारले. गेले चार दिवस ते रोज विचारत होते.

“माझं राहू द्या. आधी उत्तरेचं बघा.”

गुरुजींनी वाद न घालता ड्रोन उत्तरेला नेला. ते गावातलेच होते. डुक्कर कापले, जंगलातला मध काढला, तळे उपसून मासे धरले, काहीही असो, ज्याच्या हातात सुरी तो आपला वाटा शेवटी घेतो. आधी घेतला तर तोंडावर कोणी बोलत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहते. सेलीची आई नऊ वर्षे गावाचे पाणी वाटत होती आणि नऊ वर्षांत तिच्याबद्दल कोणाला ब्र काढता आला नव्हता. ह्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? तिच्या बागेत तीनशे झाडे होती, सेली पोटात असताना तिने आपल्या हाताने लावलेली. हिरवीगार उभी होती. ती थांबू शकत होती.

उत्तरेला काही निघाले नाही. गुरुजींनी ड्रोन वळवला.

“कुठून आणताय?” तिने विचारले.

“जवळच्या वाटेने.”

“माझ्या बागेवरून?”

“मग काय गावाला प्रदक्षिणा घालू? बॅटरी बारा टक्के राहिलीय.”

पडद्यावर निळ्यात एक पिवळट पट्टा शिरला. कालव्याच्या कोरड्या फाट्यापासून निघून तो तिच्या बागेतून आडवा गेला होता.

“झोपडीचा पत्रा असेल,” ती म्हणाली.

“पत्रा पहाटे गार असतो. तुम्हीच शिकवलंत मला.” गुरुजींनी फुली ठेवली. एक्केचाळीस. थोडी सरकवली. त्रेचाळीस. पट्ट्याच्या टोकाशी एकोणचाळीस. तिथून ऐंशी पावलांवर शाळेची मागची भिंत होती, आणि शाळेला लागून घरे.

गुरुजींनी ड्रोन उतरवला तेव्हा ती तिथे नव्हती.

तिच्या बागेत जमिनीतून धूर निघत नव्हता. झाडांना चिकाच्या वाट्या बांधलेल्या होत्या. तिने गुडघे टेकले आणि कोयत्याने खणायला सुरुवात केली. कोपरभर खोल गेल्यावर तिने हात आत घातला आणि झटकन बाहेर ओढला. तेवढ्यात डावीकडे एक झाड आडवे झाले. पान हलत नव्हते, वारा नव्हता. खालची मुळे जळून गेली होती, एवढेच.

ती तडक तारुंगच्या बाबांच्या बागेत आली. तिथे पंप धडधडत होता, चार माणसे नळी खुपसून उभी होती, बांधावरची झाडे ढळढळीत पेटली होती.

“पंप बंद करा. पाइप गुंडाळा.”

“कुठे न्यायचा?” तारुंगच्या बाबांनी विचारले.

“माझ्या बागेकडे.”

पंप बंद झाला. कोणीतरी खोकले. पथकातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले नाही, मुद्दाम.

“वा!” तारुंगचे बाबा म्हणाले. “माझी झाडं पेटलीत, आंधळ्यालाही दिसतायत, आणि पाणी चाललं हिच्या हिरव्या बागेत! मोतीबिंदूने सांगितलं वाटतं?”

“हो. एक्केचाळीस.”

“आणि इथे अठ्ठावन्न! मला काय आकडे कळत नाहीत?”

“इथे जास्त आहे. पण तुमच्या बागेपलीकडे भरलेला कालवा आहे. माझ्या बागेपलीकडे शाळा आहे, आणि शाळेला लागून तुमचं-आमचं घर.”

“लोक काय म्हणतील, विचार केलास?”

“पाच दिवस तोच केला,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “काय म्हणायचं ते चालता चालता म्हणा. पाइप उचला.”

तारुंगच्या बाबांनी पाइपला हात लावला नाही, पण ते तिच्या मागून आले. खोटी पडली तर समोर असावे, म्हणूनच आले. बागेत आल्यावर त्यांनी त्या खड्ड्यात दंडापर्यंत हात घातला. बाहेर काढला, पोटरीवर चोळला. शाळेच्या भिंतीकडे पाहिले. मग तिच्याकडे.

“किती दिवसांची असेल?”

“चार तरी.”

“आणि ड्रोन रोज उडतोय.”

“रोज.”

“इथे नाही?”

तिने कोयता कमरेला खोचला.

“का गं?”

“तुम्ही बोलला असता.”

“बोललो असतो की!” तारुंगचे बाबा म्हणाले. “गावभर बोललो असतो. कॉफीच्या टपरीवर बसून महिनाभर बोललो असतो.” ते काळे थुंकले. “आणि बाग वाचली असती.”

मागे आणखी एक झाड पडले. सेलीच्या आईने खाली बघून फडके पुन्हा तोंडावर बांधले. गाठ नीट बसेना. दुसऱ्यांदा बांधली.

तोवर पाइप घेऊन माणसे आली. नळी कुठे खुपसायची म्हणून एक जण बागेच्या मधोमध उभा राहिला.

“तिथे नको,” ती ओरडली. “तिथे आता पाणी फुकट जाईल. शाळेच्या बाजूने शेवटच्या चार रांगा तोडायच्या, बुंधे बाहेर काढायचे, आणि ती पट्टी चिखल होईपर्यंत भिजवायची. आग तिथे अडवायची.”

“आणि ही बाकीची झाडं?” गुरुजींनी विचारले.

“ती गेली, गुरुजी. मोजत बसू नका.”

तारुंगचे बाबा निघून गेले. त्यांच्या बागेकडे गेले असणार, असे सगळ्यांना वाटले, आणि त्यांना कोणी नावे ठेवली नसती. थोड्या वेळाने ते आपली यांत्रिक करवत खांद्यावर टाकून परत आले. शेवटच्या रांगेतल्या पहिल्या झाडाशी थांबले. झाडाची वाटी पांढऱ्या चिकाने अर्धी भरली होती. ते सेलीच्या आईकडे बघत राहिले.

तिने वाटी सोडवली, चीक जमिनीवर ओतला आणि बाजूला झाली. “लावा.”

दुपारपर्यंत चार रांगा आडव्या झाल्या. संध्याकाळी पट्टीत पाय घोट्यापर्यंत रुतू लागला. पलीकडे धुरात झाडे अधूनमधून आपोआप पडत होती. प्रत्येक वेळी माणसे मान वर करत, ती करत नव्हती. तारुंगच्या बाबांची अख्खी बांधावरची ओळ जळून गेल्याचा निरोप आला. त्यांनी तो ऐकला, “बरं,” म्हणाले आणि नळी दुसऱ्या हातात घेतली.

गुरुजी बॅटऱ्या चार्जिंगला लावायला निघाले.

“उद्या पहाटे कुठून सुरुवात?”

सेलीच्या आईने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले, “माझ्यापासून.”

तारुंगच्या बाबांनी चिखलातून पाय उपसला.

“मी बोलणार आहे हं, आधीच सांगतो.”

“बोला,” ती म्हणाली. “रोज बोला.”